खडूने लिहिलेले आकडे

चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या शहराकडे येताना दुरूनच दिसू लागतात. येथील पहिला वीजनिर्मिती संच १९८३ मध्ये सुरू झाला आणि आज सात संचांची मिळून स्थापित क्षमता २९२० मेगावॉट आहे. एरवी ज्या बॉयलरच्या भट्टीत शिरणे शक्य नसते, त्याच्या आत आता आपण जाणार आहोत.

वार्षिक देखभालीसाठी संच बंद केला, तरी बॉयलर हळूहळूच निवू द्यावा लागतो, कारण घाईने गार केलेल्या पोलादाला ताण बसतो. त्यानंतर परमिट, म्हणजे आत काम करण्याची लेखी परवानगी, निघते, पंख्यांचा वीजपुरवठा तोडून तिथे कुलूप आणि तांबडी पाटी लागते, आणि मगच एक कामगार अंग चोरून मॅनहोलमधून आत शिरतो. बाहेर जाणाऱ्या गरम वायूवर बॉयलरचे पाणी आधीच तापवणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याला इकॉनॉमायझर म्हणतात; त्यातल्या नळीवरची राख तो घासून काढतो, जेल लावतो, जाडीमापकाचा प्रोब टेकवतो आणि नळीच्या जाडीचा मिलिमीटरमधला आकडा मोठ्याने सांगतो. त्याचा जोडीदार तो आकडा वहीत उतरवतो आणि नळीशेजारी खडूने लिहितो. ४.४. ४.१. मग ३.२, आणि त्याभोवती गोल.

आपल्या कोळशात साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, राखच असते. त्या राखेतले वाळूसारखे कठीण कण वायूच्या झोतासोबत वर्षभर नळ्यांवर आदळत राहतात आणि वळणांपाशी धातू सर्वाधिक झिजतो. अशा जागी सुईएवढे छिद्र पडले, तरी त्यातून सुटणारा पाण्या-वाफेचा झोत शेजारच्या नळ्याही कापत जातो.

म्हणून ३.२ हा आकडा एकटा पुरेसा नाही. मागच्या वर्षी याच नळीची, याच वळणावरची जाडी किती होती, हे शेजारी लिहिलेले असले पाहिजे. कंत्राटदार बदलला किंवा अभियंत्याची बदली झाली, की जुनी वही कपाटात पडून राहते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. प्रत्येक नळीला कायमचा क्रमांक आणि त्या क्रमांकावर तिची सारी मोजमापे संगणकात, एवढी शिस्त पाळली तर कोणती नळी केव्हा बदलायची, हे ती फुटण्याआधीच ठरवता येते. ती फुटलीच, तर संच अचानक बंद करावा लागतो, तूट भरायला बाहेरून महागडी वीज घ्यावी लागते आणि तिचा भार अखेर ग्राहकाच्या देयकावर येतो.

नवी नळी जोडून झाली आहे. बॉयलरमध्ये पाणी भरून दाब चढवला आहे. दाबमापकाचा काटा स्थिर आहे, आणि बॅटरीच्या उजेडात दोघे जण एकेक सांधा निरखत पुढे सरकत आहेत.