उघड्या बुडाचा फर्डिनांड: गंज कमी, चिखल जास्त

(एका शनिवारी मॉडेल बनवणाऱ्या मित्रांसमोर मारलेल्या गप्पा, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोड्या साफसूफ केलेल्या.)

बसा बसा, मागच्यांनी पुढे या, वस्तू लहान आहे, तिथून काही दिसणार नाही. हे टेबलावर ठेवलंय ते एसयू-७६एम, सोव्हिएत तोफगाडी, म्हणजे स्वतःच्या चाकांवर चालणारी तोफ, १/३५ स्केल. खरी गाडी पाच मीटर लांब, म्हणजे ही चौदा-साडेचौदा सेंटीमीटर. आता मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही, माझी बावीस वर्षं भोसरीत पत्र्याच्या कामात गेली, प्रेस, ब्रेक, वेल्डिंग, पावडर कोटिंग, त्यामुळे आज जे बोलणार आहे ते पत्र्यावरचा रंग कसा मरतो या बाजूनेच बोलणार, सवय आहे ती.

आधी गाडीची ओळख. १९४२ च्या शेवटी रशियनांना पायदळाबरोबर चालेल अशी हलकी तोफगाडी घाईघाईने हवी होती. टी-७० नावाचा हलका रणगाडा होता, त्याची बॉडी लांबवली, मागे वरून उघडा डबा केला आणि त्यात झिस-३ ही ७६ मिलीमीटरची तोफ बसवली. पहिल्या मॉडेलमध्ये मोटारगाडीच्या जातीची दोन पेट्रोल इंजिनं शेजारी शेजारी, प्रत्येकाचा क्लच वेगळा गिअरबॉक्स वेगळा. आता दोन बैल एका जुवाला आणि प्रत्येकाचा कासरा वेगळ्या माणसाच्या हातात, मग जे होणार तेच झालं, दोघांचा मेळ बसेना आणि ट्रान्समिशन तुटायला लागलं. १९४३ च्या सुरुवातीला आघाडीवर गेलेल्या गाड्या शत्रूपेक्षा स्वतःमुळेच जास्त बंद पडल्या. ज्याने डिझाइन केलं होतं तो सेम्यॉन गिन्झबुर्ग, त्याला जबाबदार धरून आघाडीवर पाठवलं आणि ऑगस्ट १९४३ मध्ये तो तिथेच मारला गेला. आपल्याकडे डिझाइन फसलं तर मिटिंगमध्ये बोलणी बसतात, एवढंच.

मग एसयू-७६एम आली, इंजिनं एकामागे एक एका रांगेत, आणि ही चालली. इतकी चालली की पहिलं मॉडेल धरून १४ हजारांच्या वर बनल्या. टी-३४ रणगाडा सोडला तर महायुद्धात सोव्हिएत चिलखती गाड्यांत एवढ्या संख्येने दुसरं काही बनलं नाही. पण सैनिकांचं प्रेम म्हणाल तर टोपणनावं ऐका. एक नाव ‘सुका’. आपल्याला सुका म्हटलं की बोंबील आठवतो, रशियनमध्ये ती कुत्रीवरून दिलेली शिवी आहे. आणि दुसरं माझं लाडकं, ‘उघड्या बुडाचा फर्डिनांड’. फर्डिनांड म्हणजे जर्मनांची तोफगाडी, ६५ टनी धूड, पुढचं चिलखत २०० मिलीमीटर. आणि ही बिचारी दहा-साडेदहा टनांची, पुढे ३५ मिलीमीटर, बाजूला १५ च्या आसपास, वर आकाश. सैनिकांचा विनोद असा असतो बघा, रडायचं तर हसून घ्या.

आता हे आकडे मी का सांगतोय, तर ३५ मिलीमीटर भागिले ३५, म्हणजे मॉडेलवर एक मिलीमीटर! पुढची प्लेट बरोबर जमते, पण बाजूचा पत्रा अर्ध्या मिलीमीटरपेक्षा कमी दिसायला हवा आणि प्लास्टिक तेवढं पातळ ओतत नाहीत. बंद रणगाड्यात हे खपून जातं, इथे डबा उघडा आहे, वरची कड डोळ्यासमोर येते आणि जाड दिसली की अख्खी गाडी खेळण्यातली वाटते. मी आतल्या बाजूने, फक्त वरचा दोन-तीन मिलीमीटरचा पट्टा, कानस आणि मग पॉलिश पेपरने उतरता करत नेला. पूर्ण भिंत घासायची गरज नाही, लोकांना कडच दिसते. फसवाफसवी आहे, पण आपला छंदच फसवाफसवीचा आहे. या कामात दोन संध्याकाळी गेल्या, आणि मला विचाराल तर सगळ्या मॉडेलमधल्या सगळ्यात कामाच्या संध्याकाळी त्याच.

जोडणीबद्दल फार बोलत नाही, सहा चाकं एका बाजूला, सहा दुसऱ्या, किटच्या पत्रकाप्रमाणे जा. फक्त आतला डबा आधी रंगवून, झिजवून, मळवून मग बंद करा, नंतर तिथे ब्रश शिरत नाही. रंगाचं सांगतो, जुलैत एअरब्रश काढू नका हो. मी लॅकर मारला ऐन पावसात, बाहेर मुसळधार, आणि डोळ्यांदेखत हिरव्यावर पांढरट धुकं चढलं. हवेतलं पाणी ओल्या रंगात अडकतं, म्हणून होतं ते. दोन दिवसांनी जरा ऊन पडलं तेव्हा नुसता हळू सुकणारा थिनर फवारला तेव्हा ते उतरलं. हिरवा म्हणजे त्यांचा ४बीओ, रशियन गाड्यांचा लष्करी हिरवा. त्याची बरोबर छटा कुठली यावर लोक हमरीतुमरीवर येतात, मी त्यात पडत नाही, मी थोडा फिका केला कारण लहान वस्तूवर गडद रंग काळाच दिसतो.

हां, आता मुद्दा. वेदरिंग, म्हणजे मॉडेल वापरून झिजलेलं-मळलेलं दाखवणं, म्हटलं की आपण सगळे काय करतो? गंज. नारिंगी, तपकिरी, कडेकडेने, जिथे जागा मिळेल तिथे गंज, जणू गाडी वीस वर्षं बंदरावर पडून होती. मी पण केलंय, माझी पहिली तीन मॉडेलं बघितली तर भंगारवाला भाव करेल. पण विचार करा, ही गाडी आघाडीवर किती दिवस जगणार? काही महिने, कधी काही आठवडेच. रोज चालणाऱ्या गाडीवर रंग उडाला तर तिथे गंज साचत नाही, तिथे लोखंड चमकतं, कारण रोज तिथे बूट लागतोय, हात लागतोय. आमच्या शॉपमध्ये रंगवलेली ट्रॉली होती, तिच्या दांड्यावर जिथे पोरं धरायची तिथला रंग जाऊन पत्रा आरशासारखा झालेला, आणि मागे जिथे कोणी जात नाही त्या कोपऱ्यात गंज. म्हणजे झीज माणसाच्या सवयीने होते आणि गंज दुर्लक्षाने. मग मी कागद घेतला आणि या गाडीत चार माणसं कुठे उभी राहतात, कुठून चढतात, गोळा कुठून उचलतात हे काढलं. मागचं दार, त्याची कडी, दाराखालची कड, डब्याच्या तळाची फरशी, बाजूची वरची कड जिथे कोपर टेकतं. तिथे आणि फक्त तिथे रंग उडवला. स्पंजचा तुकडा, आधी फिकट हिरव्याने वरवरचे ओरखडे, मग त्यातल्याच थोड्यांच्या मधे गडद तपकिरी, आणि जिथे रोजची घासण आहे तिथे ६बी पेन्सिलचा चुरा बोटाने चोळला. लक्षात ठेवा, मॉडेलवरचा एक मिलीमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटीमीटरचा टवका, तेव्हा हात आवरा.

(कोणीतरी विचारलं, सायलेन्सरवर तरी गंज ना?) हो, तिथे करा, बिनधास्त. तापतो, थंड होतो, रंग जळतो, तिथे आठवड्याभरात गंज येतो. ट्रॅकवर जरासा, आणि जिथे जमिनीला घासतात तिथे चमक.

तेलाच्या डागांचंही तसंच. टी-३४ डिझेल, त्याच्या टाकीभोवती चिकट काळे डाग आणि वर धूळ बसलेली. ही पेट्रोलवर चालणारी, पेट्रोल उडून जातं, धुळीत फक्त एक धुतल्यासारखा ओघळ उरतो. तेव्हा टाकीच्या तोंडाशी काळं ओतू नका, काळं इंजिन ऑइल आणि ग्रीसच्या जागी. वॉशसाठी, म्हणजे खाचाखोचांत सोडायच्या पातळ रंगासाठी, मी कॅमलचे ऑइल कलर वापरतो, बर्न्ट अंबर आणि काळा, टर्पेंटाइनमध्ये. यात एक जुनी जखम सांगतो, मागच्या एका मॉडेलला मी खालून टर्पेंटाइनने अक्षरशः आंघोळ घातली, रात्री टक टक आवाज आले, सकाळी सस्पेन्शनचे चार आर्म तुटलेले. दाबाने बसवलेलं प्लास्टिक आणि वर वाहता थिनर, ठिसूळ होऊन फुटतं. थोडं थोडं लावा, आणि पार्ट ढिला बसत असेल तरच बसवा, कोंबू नका.

आता चिखल. मी ठरवलं की ही गाडी १९४४ च्या उन्हाळ्यातली, बेलारूस, ऑपरेशन बाग्रातियॉन, जर्मनांवरची रशियनांची मोठी चढाई, २२-२३ जूनला सुरू झाली ती. तिकडे दलदली, आणि जड रणगाडे रुततात तिथे ही हलकी पोरगी लाकडाचे ओंडके टाकून केलेल्या वाटेने पार व्हायची. म्हणजे खाली दलदलीचा काळपट चिखल आणि वर रस्त्याची कोरडी धूळ, दोन्ही एकाच गाडीवर. आपल्या एका मित्राने मागे गावाकडची लाल माती लावली होती, नाव घेत नाही, समोरच बसलाय, ती तोफ महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला आल्यासारखी वाटत होती. मी शेतातली काळी माती आणली, तव्यावर भाजली, मलमलमधून गाळली, त्यात चहाच्या गाळणीवर घासलेले तपकिरी पेस्टल, पातळ फेविकॉल, आणि काथ्याचे बारीक तुकडे गवत म्हणून.

पण चिखल एकदम थापायचा नाही. चिखलाला वय असतं. आधी जुना, वाळलेला, फिकट, हा वरपर्यंत. मग कालचा, जरा गडद, चाकांच्या मागे. आणि मग आजचा, ओला, जवळजवळ काळा, चाकाच्या कडेला आणि ट्रॅकच्या खोबणीत, त्यावर ग्लॉस वार्निश. सुका आधी, ओला नंतर, पुन्हा सुका म्हणजे बोंबील नव्हे. उलट क्रमाने केलं की सगळं एका दिवशी ब्रशने लावल्यासारखं दिसतं, जे खरं तर असतंच.

(किती दिवस लागले?) रोज रात्री दीड तास धरला तर अडीच महिने, घरच्यांच्या हिशोबाने सहा.

(ड्रायव्हर कुठे बसतो?) इथे, पुढे, इंजिनाच्या अगदी शेजारी, मधे भिंत नाही. उन्हाळ्यात भाजून निघायचा बिचारा. त्याच्या झाकणाच्या कडेला जी झीज आहे ना ती मी मुद्दाम जास्त केलीये, माझा अंदाज असा की झाकण तो उघडंच ठेवत असणार.

घ्या, बघा हातात. बॅरलला धरू नका, खालून, ट्रॅकवर बोटं नकोत, ओला चिखल म्हटलं तरी वार्निश परवाच मारलंय.