अख्खी गाडी बुक करताय? आधी माल मोजा

नमस्कार मंडळी. हे बघा, हा माझ्या हातात सेवेचा, म्हणजे आपल्या नमकीन शेवेचा कार्टन आहे, १८ इंच लांब, १२ रुंद, १२ उंच, वजन ५ किलो. आजचा विषय फुल लोड, म्हणजे अख्खी गाडी फक्त आपल्या मालासाठी घ्यायची, आणि त्याचा सगळा हिशोब ह्या खोक्यापासून सुरू होतो.

आपल्या इंदूरला लोक काय करतात, ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावतात आणि थेट विचारतात, भिवंडीचं भाडं काय? अहो पण गाडी कुठली? फुल लोडला भाडं गाडीचं असतं, किलोचं नाही, अर्धी रिकामी गेली तरी पैसे तेवढेच. आता ३२ फुटी सिंगल एक्सल कंटेनर घ्या, म्हणजे मागे एकच एक्सल असलेली बंद गाडी, साधारण ७ टन नेतो. हे कार्टन लांबीला २१ बसतात, रुंदीला ७ आणि वर ७ थर धरा, झाले १,०२९, वजन जेमतेम ५ टन! म्हणजे गाडी खचाखच आणि वजन अजून शिल्लक, कारण नमकीन जागा खातं. उलट पीथमपूरहून लोखंडी पार्ट पाठवणाऱ्याचे ७ टन तळालाच बसतात, त्याने एवढी लांब गाडी का घ्यावी?

आणि "एखादा टन जास्त टाका, चालतंय" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल रस्त्यातच उतरवायला लावतात.

थोडे कार्टन असतील तर पार्ट लोडच बरा, म्हणजे एकाच गाडीत बाकीच्यांच्या मालाबरोबर आपलाही माल. पण त्यात माल गोडाऊनला उतरतो, दुसऱ्या गाडीत चढतो, परत उतरतो, तेवढ्या वेळा आपटतो आणि सेवेचा चुरा होतो. गाडी पाऊण भरत असेल तर मी तरी फुल लोडच घेईन, इथे दार बंद करून सील लागलं की ते थेट पार्टीकडेच, म्हणजे माल घेणाऱ्याकडेच उघडतं.

भाडं दर आठवड्याला वेगळं का, तर परतीचा माल. ड्रायव्हरला तिकडून इंदूरचा लोड लगेच मिळणार असेल तर तो कमीत येतो, नाहीतर रिकाम्या परतीचे पैसे आपल्याच भाड्यात धरतो.

एकदा माझं काय झालं, तोंडी ठरवलं होतं बंद कंटेनर, संध्याकाळी आली उघडी गाडी, पार्टीची घाई म्हणून मी भरू दिली. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात पाऊस लागला, ताडपत्री फाटकी, वरचे दोन थर भिजले. तेव्हापासून गाडीचा प्रकार, फूट, लोडिंगची वेळ आणि हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, किती तासांनंतर लागणार, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घेतल्याशिवाय मी हो म्हणत नाही.

ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र, माल ५०,००० रुपयांच्या वर असेल तर लागतंच, २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, भिवंडी साडेपाचशेच्या आसपास म्हणजे ३ दिवस. वाटेत गाडी बंद पडून माल दुसरीत टाकला तर त्या बिलाच्या पार्ट-बी मध्ये, म्हणजे गाडीच्या माहितीच्या भागात, नवा गाडी नंबर टाकायला सांगा, पुढे निघायच्या आधी.

आणि पार्टीला बजावून ठेवा, माल मोजल्याशिवाय बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालपावतीवर, सही नको, खोका ओला किंवा फाटका असेल तर किती ते तिथेच बिल्टीवर लिहायचं, फोटो काढायचा, ड्रायव्हरचीही सही घ्यायची आणि मगच गाडी सोडायची.