पाटी उपटून केलेलं स्ट्रेचर

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंड-वेल्सच्या डोंगरात कुणी अडकलं की 999 हा आपत्कालीन नंबर लावायचा, पोलिसांना सांगायचं, ते बचाव पथकाला उठवतात. पथकातले सगळे स्वयंसेवक. पगार नाही, आणि सुटका झालेल्याला बिलही नाही. बिल नाही, बरं का! ही व्यवस्था उभी राहिली ती एका मोडलेल्या पायामुळे.

1928 साल. लॅडो रॉक्स नावाचा कडा. एक गिर्यारोहक पडला आणि मांडीचं हाड मोडलं. या हाडाला आधार दिला नाही तर स्नायू आवळतात, मोडलेली टोकं एकमेकांवर चढतात, आतल्या आत रक्त वाहतं. सोबत्यांकडे होत्या फक्त पाठपिशव्या. आणि वाटेवर एक पाटी, रस्ता दाखवणारी. उपटली की हो ती पाटी! तिला पिशव्यांचा सांगाडा बांधला, झालं स्ट्रेचर. उचलणाऱ्याचा पाय खडकावरून निसटला की वरच्याला मस्तकापर्यंत कळ. असे तासन्‌तास. वेदना मारायला मॉर्फिया नाही. पुन्हा सांगतो, मॉर्फिया नाही.

मँचेस्टरमध्ये त्याला तपासलं विल्सन हे यांनी. शल्यविशारद, स्वतःही डोंगरवेडे. आडनावच 'हे', तेव्हा 'हे म्हणाले' असं मी म्हटलं की कोण म्हणाले, असं विचारू नका. तर, हे म्हणाले, पाय कापावा लागेल. कापावाच लागला. आणि त्यांचं मत ठाम झालं: पडण्यापेक्षा जास्त घात केला तो त्या वेदनेनं आणि त्या वाहतुकीनं.

मग गिर्यारोहण मंडळांनी मिळून चक्क स्ट्रेचर कमिटी नेमली. ज्या कमिटीनं खरोखर भार उचलला अशी मला माहीत असलेली ही एकच. स्ट्रेचर बनवलं युस्टेस थॉमस या इंजिनिअरनं. पन्नाशी उलटल्यावर आल्प्सची शिखरं चढणारा गडी! खाली लाकडी धावा, म्हणजे उचलता येईना तर घसरवा. चालणाऱ्यानं बनवलेली वस्तू अशी असते. आमच्या स्टुडिओतली ही खुर्ची मात्र जन्मात कधी न बसलेल्या माणसानं बनवली असावी. असो.

स्ट्रेचर झालं, पण मॉर्फिया? सरकार म्हणे, डॉक्टर नसलेल्यांच्या हाती ते द्यायचं नाही. हे यांनी बचाव पेट्यांसाठी ते स्वतःच पुरवायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं, नियम मोडून, उघडपणे. दरम्यान 1947 च्या सुमारास लेक डिस्ट्रिक्ट या इंग्लंडच्या डोंगराळ भागात स्थानिकांची पथकं उभी राहू लागली. 1949 मध्ये हे कोर्टात उभे राहिले. दंड झाला दहा पौंड. दहा पौंड!

आणि त्यानंतर सरकारनं मॉर्फियाला परवानगी दिली.