निरोपाची मिस्सा: प्राथमिक शाळेचा शेवटचा पंधरवडा

श्रोतेहो, नमस्कार.

कॅथलिक प्राथमिक शाळेत वर्षाचा शेवटचा पंधरवडा आला की कार्यक्रमांची रांग लागते. कृतज्ञतेची मिस्सा (धर्मगुरूंनी देवळात चालवलेली सामुदायिक उपासना), मोठ्या वर्गाचा निरोप, बक्षीस समारंभ, पालकांचा मेळावा. प्रत्येकाची तालीम वेगळी, आणि प्रत्येक तालमीला तीच दमलेली मुलं. माझं आधी हेच सांगणं आहे, की यातला एखादा कार्यक्रम गाळा आणि मिस्सेला हातचं न राखता वेळ द्या. पहिलीच्या मुलापासून वर्ग झाडणाऱ्या मावशींपर्यंत सगळी शाळा एकत्र बसून आभार मानते, ती या एका तासात.

या मिस्सेत मूल प्रेक्षक नसतं, हे मनाशी पक्कं असलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. पूर्वी बऱ्याच ठिकाणी पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्यासाठी, मुलांना दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत थांबावं लागे. 1910 साली पोप दहावे पायस यांच्या काळात आदेश निघाला आणि समज येण्याचं वय साधारण सात वर्षं मानलं गेलं. पुढे 1973 मध्ये मुलांबरोबरच्या मिस्सेसाठी रोमहून स्वतंत्र निर्देशिका आली. मिस्सेची तयारी करणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं ती एकदा तरी वाचायला हवी, कारण सूट कुठे आहे आणि कुठे नाही, ते तिच्यात स्पष्ट आहे. मिस्सेतली बायबलची सगळी वाचनं मुलांना झेपत नसतील तर एक किंवा दोन घ्यावीत, पण शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनावरचं वाचन, कधीही गाळू नये. वाचनातलं एखादं वचन विचारपूर्वक सोडता येतं. पवित्र शास्त्राचा उतारा आपल्या शब्दांत लिहून वाचणं मात्र टाळावं. प्रवचन मुलांशी प्रश्नोत्तरांतून झालं तरी चालतं. धर्मगुरूंना लहानांच्या भाषेत बोलणं अवघड जात असेल, तर त्या देवळाच्या मुख्य धर्मगुरूंच्या संमतीनं एखादी शिक्षिका शुभवर्तमानानंतर मुलांशी बोलू शकते.

आता वेळेचं. ख्रिस्तप्रसादाआधी एक तास काही खायचं नाही, हा नियम मधल्या सुट्टीच्या घंटेशी हमखास आपटतो. मिस्सा साडेदहाला सुरू झाली तर ख्रिस्तप्रसाद अकराच्या सुमारास येतो, म्हणजे डबे दहाच्या आत संपायला हवेत. पाणी आणि औषध कधीही चालतं, आणि आजारी मुलाला हा नियम नाही. मधुमेहाच्या मुलाला उपाशी ठेवू नका, आणि ही गोष्ट त्याच्या आईवडिलांना आदल्या दिवशीच सांगा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे शाळा भरल्या भरल्या मिस्सा. तेव्हा मुलंही ताजी असतात, आणि कामावर जाणाऱ्या पालकांना तासभर उशिरा जाऊन हजर राहता येतं. तारीख मात्र त्यांना सहा आठवडे आधी कळायला हवी. आईवडील वेगळे राहत असतील तर दोघांना स्वतंत्र चिठ्ठी द्या. मुलाच्या हातून निरोप पाठवला की तो एकाच घरी पोहोचतो.

तालमीत सगळ्यात जास्त वेळ कशाला द्यावा, तर श्रद्धावंतांच्या प्रार्थनांना, म्हणजे मिस्सेत सगळ्यांच्या वतीनं वाचल्या जाणाऱ्या विनंत्यांना. त्यांचा क्रम ठरलेला आहे: ख्रिस्तसभा (म्हणजे सगळं चर्च), जग आणि राज्यकर्ते, दुःखी माणसं, मग आपली शाळा. हा क्रम ठेवून शब्द मुलांचे असू द्या. वर्गात विचारा, ‘या वर्षी कुणासाठी प्रार्थना करावीशी वाटते?’ आजारी पडलेले वॉचमनकाका, वर्षाच्या मध्येच शाळा सोडून गेलेली मैत्रीण, गेलेले आजोबा, अशी नावं आपोआप येतात. एका प्रार्थनेला वीस-पंचवीस शब्द पुरेत. त्याहून लांब वाक्यात मुलाचा श्वास मधेच तुटतो आणि शेवटचे शब्द गिळले जातात.

मजकूर मोठ्या ठशात छापा आणि जिथे श्वास घ्यायचा तिथेच ओळ तोडा. सुटा कागद देऊ नका. मुलाचा हात थरथरतो, कागद सळसळतो आणि ती सळसळ माईकमधून शब्दांच्या वर ऐकू येते. कागद पुठ्ठ्यावर चिकटवला की हे थांबतं. सात वर्षांच्या मुलीचं तोंड आणि अकरा वर्षांच्या मुलाचं तोंड यांत चांगली वीतभर उंचीचा फरक असतो. दर वाचकाला माईक खाली-वर करत बसलात तर तो करकरतो, म्हणून उंची एकच ठेवा आणि लहानांसाठी न हलणारा लाकडी पाट ठेवा. तोंड आणि माईक यांत एक मूठ अंतर. तालीम रिकाम्या वर्गात न घेता देवळातच घ्या, कारण तिथे आवाज घुमतो आणि वर्गात बरोबर वाटलेला वेग तिथे फार होतो. शेवटच्या बाकावर एक शिक्षक बसवा. त्यांना प्रत्येक शब्द कळला तरच वाचन झालं. आणि प्रत्येक वाचनाला एक राखीव वाचक तयार ठेवा, त्या दिवशी कुणाला तरी ताप येतोच.

अर्पणाच्या मिरवणुकीत वेदीकडे जायच्या त्या भाकर आणि द्राक्षारस, आणि गरिबांसाठी जमवलेलं काही असेल तर ते. फुटबॉल, हजेरीपट, चषक यांची मिरवणूक तिथे नको. मिस्सा संपल्यावर जी वस्तू आपण परत घरी नेतो, तिला अर्पण कसं म्हणायचं? त्या वस्तू दाखवायच्याच असतील तर मिस्सा सुरू होण्याआधी वेदीपासून बाजूला एका टेबलावर मांडा. किती होस्तिया, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या पातळ चकत्या, लागतील, हा आकडा वर्गशिक्षकांनी मिस्सेच्या दहा मिनिटं आधी सॅक्रिस्टीत, म्हणजे देवळातल्या तयारीच्या खोलीत, पोहोचवावा. पहिला ख्रिस्तप्रसाद न झालेली आणि इतर धर्मांची मुलं या आकड्यात नसतात. तुमच्या धर्मप्रांतात, म्हणजे तुमच्या बिशपांच्या विभागात, पद्धत असेल तर ती मुलं छातीवर हातांची फुली करून आशीर्वादासाठी पुढे येऊ शकतात. हे तालमीतच समजावून सांगा, ऐन रांगेत मुलाला मागे ओढलं तर ते वर्षभर विसरत नाही. इतर धर्मांच्या मुलांना दारात स्वागताचं, गाण्याचं, मिस्सेनंतरच्या आभारांचं खरं काम द्या. नुसतं ‘शांत बसा’ एवढंच त्यांच्या वाट्याला येता कामा नये.

भाषणं, बक्षिसं, सत्कार मिस्सेच्या पोटात घालू नका. शेवटच्या आशीर्वादाआधी छोट्या सूचनेला जागा आहे, त्याहून जास्त काही असेल तर ते अंगणात किंवा सभागृहात करा.

निरोपाचा कार्यक्रम जोड्यांनी केला तर छान होतो. ज्या शाळांत मोठ्या वर्गातल्या प्रत्येकाला पहिलीतलं एक मूल सांभाळायला दिलेलं असतं, तिथे शेवटी ते लहान मूल आपल्या ताई-दादाला हातानं केलेलं कार्ड देतं. अडतं ते आकड्यांत. मोठी अठ्ठावीस आणि लहान एकतीस असली तर तीन मोठ्यांना दोन-दोन लहान द्यावी लागतात, आणि हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावं लागतं. गैरहजर मुलांसाठी दोन-तीन कार्डं जास्तीची करून ठेवा. मेणबत्ती प्रत्येकाच्या हातात देऊ नका. केस आणि बाह्या पेटायला क्षण पुरतो. काचेच्या भांड्यातली एक मेणबत्ती मोठ्या वर्गाकडून पुढच्या वर्गाकडे जाते, तेवढं पुरेसं आहे, फक्त तेवढा वेळ पंखे बंद ठेवा. नावं वाचून दाखवणाऱ्यानं प्रत्येक नावाचा उच्चार त्या मुलालाच आधी विचारून घ्यावा.

शेवटच्या दिवशी, शेवटच्या घंटेआधी वीस मिनिटं, बाकीचे वर्ग व्हरांड्याच्या दोन्ही कडांना उभे करा, लहान पुढे, मोठे मागे. मधे दोन मुलं शेजारी-शेजारी चालतील एवढी वाट सोडा. दप्तरं आधीच फाटकाजवळ ठेवलेली असू द्या, म्हणजे टाळीला, हात मिळवायला हात मोकळे राहतात. मोठा वर्ग चालत जातो, सगळ्यांत मागे वर्गशिक्षिका. पहिलीतलं एखादं पोर रांग सोडून आपल्या दादाला मिठी मारायला धावेल. त्याला अडवू नका, मागच्यांना क्षणभर थांबवा.

नमस्कार.