अक्षर पुरं होऊ द्या

(पुण्यात दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसमोर आलं, आणि उत्तर एकदम न येता तुकड्या-तुकड्यांनी पडद्यावर उमटत जाणं आपल्या सवयीचं झालं. हे बघून बरेच जण विचारतात, की हा देखावा आहे का? उत्तर आधीच तयार असतं आणि आपल्याला गुंतवून ठेवायला ते सावकाश दाखवतात का? आज मी या वाहत्या उत्तराबद्दल बोलणार आहे, आणि विशेष करून ते मराठीत वाहताना काय होतं त्याबद्दल. इंग्रजी समोर ठेवून बांधलेला हा प्रवाह आपण मराठीला जसाच्या तसा जोडतो, आणि त्यात मराठी वाचकाचं नुकसान होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते नुकसान टाळण्याची विद्या या शहरात आहे, म्हणून हा विषय इथे मांडावासा वाटला.

आधी देखाव्याची शंका. आजची बहुतेक भाषा-मॉडेल्स २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ट्रान्सफॉर्मर या रचनेवर उभी आहेत. त्यांची लिहिण्याची रीत अशी: आतापर्यंतचा सगळा मजकूर घ्यायचा, पुढे कोणता तुकडा किती शक्य आहे याचा हिशेब करायचा, त्यातला एक निवडायचा, तो मजकुराला जोडायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. या तुकड्याला टोकन म्हणतात. तिसरं टोकन निवडलं जातं तेव्हा तिसावं कुठेही लिहिलेलं नसतं. काही ॲप्स आलेला मजकूर थोडा अडवून एका लयीत सोडतात, तेवढा भाग सजावटीचा. बाकी तुम्ही पाहता ते यंत्राचं खरोखरचं लिहिणं आहे, आणि एकदा लिहिलेलं टोकन ते मागे जाऊन खोडत नाही.

मग एवढं अवाढव्य यंत्र इतकं हळू का लिहितं? अडचण आकडेमोडीपेक्षा स्मृतीतून माहिती उचलण्याची आहे. मॉडेल म्हणजे शिकताना ठरलेल्या आकड्यांचा साठा. सात अब्ज आकड्यांचं एक लहान मॉडेल घ्या. प्रत्येक आकड्याला दोन बाइट, म्हणजे १४ गिगाबाइट. एक टोकन काढायला हे १४ गिगाबाइट स्मृतीतून एकदा वाचावे लागतात. मॉडेल चालवणाऱ्या ज्या जीपीयू कार्डाची स्मृती सेकंदाला दोन टेराबाइट, म्हणजे दोन हजार गिगाबाइट देते, त्यावर एका माणसासाठी सेकंदाला फार तर १४० टोकनं निघतील. गणित करणारा भाग तोवर बराचसा रिकामाच असतो. तुमचा प्रश्न वाचणं हे काम वेगळं, कारण प्रश्नाची सगळी टोकनं आधीच हजर असतात आणि यंत्र ती एकत्र वाचतं. म्हणून पहिला शब्द यायला लागणारा वेळ आणि नंतरच्या दोन शब्दांमधला वेळ, ही दोन मापं अभियंते वेगवेगळी मोजतात.

आपली पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढप्याचे कष्ट ते जड पातेलं उचलून ओळीतून फिरण्यात असतात. एका पानावर वाढलं काय आणि चाळीस पानांवर वाढलं काय, पातेलं तेवढंच. सर्व्हरही तेच करतो. १४ गिगाबाइटचं पातेलं एकदा उचललं, की त्या एकाच फेरीत अनेकांच्या पानात एकेक टोकन पडतं. पूर्वी अख्खी पंगत उठल्याशिवाय नवी बसत नसे, त्यामुळे ज्याचं उत्तर छोटं त्याची जागा उगाच अडून राहायची. २०२२मध्ये ऑर्का नावाच्या संशोधनाने दाखवलं, की प्रत्येक फेरीनंतर उठलेल्याच्या जागी नवा माणूस बसवता येतो. आज मोठ्या सेवा याच तऱ्हेने चालतात. तुमचं उत्तर कधी भरभर आणि कधी अडखळत येतं, त्याचं एक कारण त्या क्षणी पंगतीत किती जण आहेत हे असतं.

आता मराठीकडे येऊ. मॉडेलचा वेग टोकनांत मोजतात, पण एका मराठी शब्दाची किती टोकनं होतात? मे २०२४मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने जीपीटी-४ओ हे मॉडेल आणताना नव्या टोकनायझरचे, म्हणजे मजकुराची टोकनं पाडणाऱ्या भागाचे, आकडे दिले होते. ओळख करून देणारं एक छोटं वाक्य: इंग्रजीत ते पूर्वी २७ टोकनांचं होतं, ते २४चं झालं. मराठीत तेच ९६ टोकनांचं होतं, ते ३३वर आलं. ९६ आणि २७! यंत्र तेच, टोकनांचा वेग तोच, पण मराठी वाचकाला तेवढ्याच मजकुरासाठी साडेतीन पट थांबावं लागत होतं. जिथे टोकनांवर पैसे आकारतात तिथे पैसेही तितके जास्त. ही दरी बरीच बुजली, पण सगळ्या मॉडेल्समध्ये बुजलेली नाही. मॉडेल निवडताना हे मोजून बघा. तुमच्याच कामाचं एक पान द्यायचं आणि टोकनं मोजायची, पाच मिनिटांचं काम आहे.

मला जास्त वेळ द्यायचाय तो अक्षरांना. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवण्याच्या आजच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं आहेत, म्हणजे बारा बाइट. रोमन लिपीत पुण्याचं नाव चार बाइटांत संपतं. बरेच टोकनायझर थेट बाइटांवर चालतात, आणि मराठी मजकूर शिकवताना कमी आला असेल तर ते एखादं चिन्ह मधोमध तोडतात. मग पहिल्या तुकड्यात ‘ण’चे दोन बाइट येतात आणि तिसरा बाइट पुढच्या तुकड्यात. आलेला तुकडा लगेच अक्षरांत उलगडायला गेलात की पडद्यावर काळ्या तिरक्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह उमटतं. याचा उपाय सोपा आहे. अपुरे बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवायचे. बाइटांची अक्षरं करणाऱ्या, ब्राउझरमधल्या टेक्स्टडिकोडरमध्ये त्यासाठी एक पर्याय दिलेलाच आहे. इंग्रजीत चाचणी करणाऱ्याला ही चूक कधी दिसत नाही, कारण इंग्रजी अक्षर एकाच बाइटाचं असतं.

पण बाइट जुळले म्हणजे अक्षर जुळलं असं नाही. ‘स्थिती’ शब्द एकेक चिन्ह करत येताना बघा. आधी ‘स’ येतो. मग हलन्त जोडला जातो, ‘स्’. मग ‘स्थ’. मग ऱ्हस्व वेलांटी येते आणि सबंध जोडाक्षर उजवीकडे सरकवून त्याच्या आधी जाऊन उभी राहते. ‘मूर्ती’ घ्या. ‘मूर’ दिसतं, मग त्या ‘र’चा पाय मोडतो, मग ‘त’ आला की तोच र रफार होऊन त्याच्या डोक्यावर चढतो, आणि शेवटी दीर्घ वेलांटी आली की आणखी पुढे सरकतो. वाचणाऱ्याचा डोळा ओळीच्या टोकाशी असतो, आणि नेमकं तिथलंच अक्षर रूप बदलत राहतं. काही ठिकाणी प्रत्येक तुकडा वेगळ्या चौकटीत टाकून हळूच उजळवतात. तिथे मात्रा व्यंजनापासून तुटून ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली अनेकदा दिसते. पहिलीतलं मूल असं वाचायला शिकणार आहे का? मला याचा मनापासून त्रास होतो. आपली लिपी अक्षराची आहे, आणि अर्धवट अक्षर वाचकासमोर ठेवायचं नाही, हा साधा नियम आपण पाळायला हवा.

वेलांटी दिसते आधी, पण साठवली जाते व्यंजनानंतर. ही चूक नाही, अतिशय शहाणा निर्णय आहे, आणि त्याचा पुण्याशी संबंध आहे. भारतीय लिप्या संगणकात साठवण्याचं, भारतीय मानक ब्यूरोचं इस्की हे मानक १९९१चं. त्यामागचं जिस्ट तंत्रज्ञान आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं आणि पुढे इथे गणेशखिंडीच्या विद्यापीठ परिसरात, सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत वाढलं. तत्त्व असं, की मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवायचा आणि दिसण्याची व्यवस्था नंतर लावायची. जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या मानकाने देवनागरीसाठी इस्कीचीच आधीची आवृत्ती पायाला घेतली. याउलट जुन्या डीटीपी फॉन्टांत वेलांटी दिसते तशी, आधीच साठवलेली असे. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास ज्यांनी पुस्तकं जुळवली त्यांना माहीत आहे, की अशा फायली युनिकोडमध्ये आणताना किती कष्ट पडतात. ते मजकूर शोधता येत नाहीत, वर्णानुक्रमे लावता येत नाहीत. आज मॉडेल्स मराठी शिकू शकतात त्याला उच्चाराच्या क्रमाने साठवलेला मजकूर हा मोठा आधार आहे. त्या पिढीने साठवणीचा प्रश्न सोडवला. वाहता मजकूर दाखवण्याचा प्रश्न तेव्हा कोणापुढे आलाच नव्हता, तो आपल्यापुढे आहे.

अक्षर कुठे संपतं हे संगणकाला कळवण्याचे नियम युनिकोडमध्ये आहेत, पण ‘क्ष’सारखं जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम त्यात सप्टेंबर २०२३मध्ये, १५.१ आवृत्तीत आला. तोपर्यंत ‘क्ष’चे दोन भाग पडत. तेव्हा तुमच्या हातातली प्रणाली कोणते नियम पाळते ते आधी तपासा. आणखी एक गोम आहे. ‘त’ आला की तो पुरा झाला का, हे पुढचं चिन्ह आल्याशिवाय सांगताच येत नाही. मागून मात्रा येऊ शकते, हलन्त येऊ शकतो. म्हणून माझा आग्रह असा, की मराठीत शब्द पुरा होईपर्यंत थांबावं आणि जागा किंवा विरामचिन्ह आलं की अख्खा शब्द दाखवावा. ‘विद्यापीठापासून’सारखा प्रत्ययांनी लांबलेला शब्दही एरवी क्षणार्धात पुरा होतो. वाचकाला तो उशीर जाणवत नाही आणि पडदा स्थिर राहतो.

आता हा मजकूर ज्या नळातून वाहत येतो त्याबद्दल थोडक्यात सांगतो. सर्व्हरकडून ब्राउझरकडे मजकूर बहुधा सर्व्हर-सेंट इव्हेंट्स या पद्धतीने येतो: जोडणी उघडी ठेवायची, ‘डेटा’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी पाठवत राहायचं, कोरी ओळ आली की एक घटना पुरी झाली. हिंजवडी-बाणेरच्या मुलांकडून एक तक्रार वारंवार येते, की लॅपटॉपवर उत्तर वाहतं आणि सर्व्हरवर चढवलं की सगळं एकदम येतं. मध्ये एनजिनेक्स हा मजकूर पुढे पोचवणारा सर्व्हर असेल तर तो, मुद्दाम काही न बदलल्यास, मजकूर साठवून मग सोडतो. ते साठवणं बंद करा, आणि मजकूर दाबून पाठवणारं कॉम्प्रेशनही तपासा. हा प्रवाह कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला असला तरी तुकड्यांची लांबी बाहेरून मोजता येते. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४मध्ये, नुसत्या त्या लांब्यांवरून इंग्रजी उत्तरांच्या विषयाचा अंदाज बांधता येतो हे दाखवलं. त्यानंतर काही कंपन्यांनी तुकड्यांना भरताड जोडून लांबी लपवायला सुरुवात केली. बँकेसाठी किंवा दवाखान्यासाठी काम करणाऱ्यांनी हे विसरू नये.

शेवटी श्रोत्यांमधून एका ताईंनी विचारलं, की त्या औषधांची माहिती देणारी मराठी सेवा बांधताहेत, तिथे उत्तर वाहतं ठेवावं का? प्रश्न फार महत्त्वाचा आहे. ‘रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर ही गोळी घ्यायला हरकत’ इथपर्यंत वाक्य आलं आणि जोडणी तुटली, तर पुढे ‘आहे’ होतं की ‘नाही’? इंग्रजीत नकार बहुधा वाक्याच्या सुरुवातीजवळ येतो. आपल्याकडे क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही शेवटी, म्हणजे निर्णय सर्वांत शेवटच्या टोकनात असतो. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, तुकडे आले तसे बोलू लागला तर धोका आणखी वाढतो, कारण अर्धं वाक्य ऐकून तो पुढे गेलेला असू शकतो.

म्हणून ताई, तुमच्या सेवेत वाक्य पुरं होईपर्यंत काहीही दाखवू नका. वाक्य तोडताना ‘डॉ.’, ‘सौ.’, ‘रु.’ यांच्यापुढचा बिंदू पूर्णविराम समजला जाणार नाही याची काळजी घ्या. प्रवाह संपताना मॉडेल का थांबलं त्याचं कारण सोबत येतं. बोलणं संपलं म्हणून थांबलं, की टोकनांची मर्यादा संपली म्हणून? मर्यादा संपल्याचं कारण आलं, किंवा काहीच कारण न येता जोडणी बंद झाली, तर शेवटचं अपुरं वाक्य टाकून द्या आणि ‘उत्तर पूर्ण आलेलं नाही’ असं ठळक लिहा. सर्व्हर ‘सगळं ठीक’ म्हणून पाठवतो तो एचटीटीपीचा २०० हा आकडा पहिल्या शब्दाआधीच गेलेला असतो, त्याच्यावर विसंबू नका. आणि गोळीचं प्रमाण, म्हणजे किती मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा, हे तर वाक्यावाक्यानेही सोडू नका. ते पूर्ण येऊ द्या, तुमच्याकडच्या औषधांच्या यादीशी ताडून बघा आणि मगच रुग्णासमोर ठेवा. त्याला चार सेकंद थांबावं लागलं तरी चालेल.