उसळत्या लोखंडाचं चुंबक

(सोलापूरचा भुईकोट किल्ला. तटाचा काळा दगड जवळून.)

हा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो निवत गेला, तशी त्यातल्या मॅग्नेटाइट या लोखंडी खनिजाच्या कणांनी पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. तटातला चिरा गवंड्यानं हवा तसा फिरवलेला असतो, म्हणून मोजणीला जागचा खडकच लागतो. दख्खनच्या कितीतरी थरांत ही दिशा आजच्या उलट सापडते.

म्हणजे पृथ्वीच्या पोटात कायमचं चुंबक नाही; ते असं उलटत नाही. शिवाय ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाचं चुंबकत्वच जातं, आणि पृथ्वीचा गाभा हजारो अंश तापलेला.

जमिनीखाली सुमारे २,९०० किलोमीटरवर वितळलेलं लोखंड सुरू होतं. ते उसळतं, भोवरे घेतं, पृथ्वीच्या फिरण्यानं पीळ खातं. वीजवाहक द्रव चुंबकीय क्षेत्रातून वाहिला की त्यात वीजप्रवाह उठतो, आणि तो प्रवाह क्षेत्राला बळ देतो. सुरुवातीला अगदी क्षीण क्षेत्र पुरतं. १९१९ मध्ये जोसेफ लार्मर यांनी सूर्याबद्दल ही कल्पना मांडली. १९३४ मध्ये थॉमस काउलिंग यांनी दाखवून दिलं, की अक्षाभोवती पूर्ण सममित असलेलं क्षेत्र या रीतीनं टिकूच शकत नाही. म्हणजे वेडावाकडेपणा हवाच! या विषयात मला सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

(पूर्व भागातला यंत्रमागाचा कारखाना. हातात सुताची लड.)

ही लड ताणली, मधोमध पीळ दिला आणि दुमडून एकावर एक ठेवली. वेटोळं पहिल्याएवढंच, धागे दुप्पट. या धाग्यांसारख्याच चुंबकीय क्षेत्राच्या बलरेषा: खळबळता द्रव त्यांना ताणतो, पिळतो, दुमडतो, पुन्हा पुन्हा. पण द्रवाचा विद्युतरोध क्षेत्राला सतत झिजवत असतो. गाभा आज निश्चल झाला, तर काही दहा हजार वर्षांत क्षेत्र विरून जाईल. आणि ते फार बळावलं, तर द्रवालाच अडवू लागतं. वाढ तिथं थांबते.

(प्रयोगशाळेची रेखाचित्रं.)

१९९९ मध्ये लाटव्हियात रीगाला आणि जर्मनीत कार्ल्सरूहला वितळलेल्या सोडियमच्या प्रवाहातून असं क्षेत्र आपोआप उभं राहिलं. तिथं नळ्यांनी प्रवाहाला वाट आखून दिली होती. २००६ मध्ये फ्रान्समधल्या काडाराशला सोडियम दोन फिरत्या चकत्यांमध्ये मोकाट घुसळलं. क्षेत्र जन्मलं, आणि काही वेळा त्याची दिशा आपसूक उलटलीही. त्या चकत्या मात्र मऊ लोखंडाच्या, म्हणजे स्वतःच सहज चुंबकित होणाऱ्या होत्या. स्टेनलेस स्टीलच्या चकत्यांनी तिथं क्षेत्र उभं राहिलं नव्हतं.