दर दोन तासांनी कूस

नमस्कार, श्रोतेहो.

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेलं माणूस दवाखान्यातून घरी आलं की घरच्यांचं सगळं लक्ष लुळ्या पडलेल्या हातापायांकडे असतं. तेल कोणतं लावायचं, मालीश कुणाकडून करून घ्यायची, याची चौकशी सुरू होते. तेवढ्यात कुणाच्या नजरेलाही न पडता माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग उमटतो. ही शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात असते. आज आधी त्या डागाबद्दल बोलू, कारण तो बहुतेक वेळा टाळता येतो आणि एकदा चिघळला की भरायला महिने लागतात.

आपण झोपेतसुद्धा कूस बदलतो. रग लागली की अंग आपोआप वळतं. या माणसाला रग लागल्याचं कळत नाही, आणि कळलं तरी वळता येत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपून राहते, तिथलं रक्त थांबतं आणि काही तासांतच इजा सुरू होते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची: डावी, पाठ, उजवी. हवेची गादी जरूर आणा, पण ती आणली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. पलंगाशेजारी कागद लावा आणि वेळ व कूस लिहून ठेवा. रात्रीच्या पाळ्या घरात वाटून घ्या. एकट्या सुनेवर किंवा बायकोवर हे टाकलं तर महिन्याभरात तीच आजारी पडेल.

आता वळवायचं कसं? जुनी सुती चादर चौपदरी घडी करून खांद्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत अंगाखाली अंथरा. दोघांनी दोन बाजूंनी कडा गुंडाळून मुठीत धरायच्या, “आबा, डावीकडे वळवतोय” असं सांगायचं आणि एक-दोन-तीन म्हणून उचलून सरकवायचं. बोलता येत नसलं तरी त्यांना कळत असतं, म्हणून सांगितल्याशिवाय अंगाला हात लावू नका. ओढायचं तर मुळीच नाही. ओढलं की कातडी गादीला चिकटून राहते, आतलं हाड पुढे सरकतं आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या पिळवटतात. बरेचसे व्रण या ओढाओढीतून होतात.

कुशीवर पूर्ण आडवं करू नका, सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून अंग साधारण 30 अंश कललेलं ठेवा, म्हणजे भार कुल्ल्याच्या मांसल भागावर पडतो. लुळ्या बाजूवर झोपवताना तो खांदा अलगद पुढे घ्या, अंगाखाली चेपू देऊ नका. टाचांसाठी पोटरीखाली उशी लांबीच्या दिशेने ठेवा. टाच आणि गादीच्या मधून कागद आरपार गेला पाहिजे. मध्ये भोक असलेली रबरी रिंग मात्र नको. तिच्या कडेचा दाब भोवतालचं रक्त अडवतो.

रोज आंघोळ घालताना माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर आणि कानांमागे पाहा. लाल डाग दिसला तर बोटाने तीन सेकंद दाबा. बोट काढल्यावर जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर तिथे रक्त अजून पोचतंय. लालच राहिली तर इजा झाली आहे, त्या जागेवर आता अजिबात भार नको. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हात लावून बघा: आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का? डाग चोळू नका, स्पिरिट लावू नका, हळद भरू नका. कातडी फुटली तर सलाईनने धुऊन झाका आणि डॉक्टरांना दाखवा. डायपर ओला झाला की लगेच बदला, साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा. पावडर नको, ओलाव्यात तिच्या गुठळ्या होऊन कातडी घासते.

दुसरी काळजी जेवणाची. गिळता येतं की नाही, हे दवाखान्यातून निघण्याआधी तपासून घ्या. भरवताना पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. अर्धा चमचा घास चांगल्या बाजूने द्या आणि कंठमणी वर जाऊन खाली आला की मगच पुढचा. पातळ पाणी सर्वांत जास्त ठसकवतं, कारण ते झरकन घशात उतरतं. पातळ वरण-भातही फसवा असतो, त्यात पाणी आधी जातं आणि शितं मागे राहतात. घोटून एकजीव केलेला मऊ भात बरा. घासानंतर आवाज ओला, गुरगुरता आला तर थांबा. शेवटी लुळ्या बाजूच्या गालात साठलेलं अन्न बोटाला कापड गुंडाळून काढा. जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवा. बसवताना आधी गुडघ्यांखाली उशी द्या, नाहीतर माणूस घसरत जातो आणि माकडहाड पुन्हा घासतं.

उठवताना लुळा हात धरून ओढू नका. त्या खांद्याचे स्नायू सैल असतात, सांधा निखळतो. सदरा घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला. गरम पाण्याची पिशवी किंवा विटेचा शेक त्या बाजूला नको, भाजलेलं त्यांना कळणारच नाही. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली तर मालीश थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, आत रक्ताची गुठळी असू शकते. लघवीची नळी असेल तर पिशवी कमरेच्या खाली टांगा, जमिनीला टेकवू नका. चार तासांत पिशवीत काहीच आलं नाही तर आधी नळी कुठे दुमडली आहे का बघा. दुमडलेली नसेल तर नर्सला बोलवा.

झटका पुन्हा येऊ शकतो. तोंड नव्याने वाकडं झालं, चांगला हातही पडला, बोलणं अडखळलं तर घड्याळात वेळ बघून ठेवा आणि 108 लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असेल: कधी सुरू झालं?